आठ हक्क आणि एक पोरगा

श्रोतेहो, नमस्कार. आज अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलायचंय. लंबगोल चेंडू, डोक्याला हेल्मेट, तो खेळ. तिथल्या एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, दर एप्रिलमध्ये ‘ड्राफ्ट’ होतो. कॉलेजातून आलेले खेळाडू संघ एकेका फेरीत पाळीपाळीनं निवडतात. गेल्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी आधी. मात्र ही पाळी अदलाबदलीत देता येते. पुढचा नंबर हवा असेल तर आपले मागचे नंबर द्यायचे, वेळ पडली तर पुढच्या वर्षांचेसुद्धा.

१९९९ साली न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघाचे प्रशिक्षक माइक डिटका टेक्सास विद्यापीठाच्या, चेंडू घेऊन पळणाऱ्या रिकी विल्यम्सवर इतके भाळले, की त्याच्यासाठी सगळा ड्राफ्ट देईन असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं. मला ही पहिली चूक वाटते. गरज अशी उघडी केल्यावर समोरचा भाव चढवणारच! बाराव्या नंबरवरून पाचव्यावर जायला सेंट्सनी वॉशिंग्टनच्या संघाला त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी दिल्या, वर २००० सालची पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची निवडही. एकूण आठ.

रिकी तेव्हा अवघा २१ वर्षांचा. पळणारा खेळाडू पळणार कुठून, तर पुढे उभे असलेले साथीदार वाट काढतील तिथून. ते साथीदार आणायचे हक्कच संघानं देऊन टाकले होते. त्यात दुखापती. हंगामात ३ विजय, १३ पराभव, आणि डिटकांची नोकरी गेली. संघ इतका घसरला, की वॉशिंग्टनला दिलेली पुढच्या वर्षीची निवड थेट दुसऱ्या क्रमांकाची ठरली.

रिकी पत्रकारांशी हेल्मेट न काढता बोलायचा. लोकांना तो तऱ्हेवाईक वाटला. पुढे त्यानंच सांगितलं, की त्याला माणसांत वावरण्याच्या तीव्र भीतीचा आजार होता. अशा मुलाच्या डोक्यावर अख्ख्या संघाचं भवितव्य ठेवलं होतं, आणि तो सौदा त्यानं केलेला नव्हता. ही गोष्ट मला आजही लागते.

पुढे जाण्यासाठी मोजलेली किंमत वायाच जाते असं नाही. २०१७ साली कॅन्सस सिटी सत्ताविसाव्या नंबरवरून दहाव्यावर गेली आणि त्यांना पॅट्रिक माहोम्स मिळाला, पुढे लीगमधला मोठा तारा ठरलेला खेळाडू. पण त्यांनी तीनच निवडी दिल्या होत्या, आणि तयार संघात माहोम्सला पहिलं वर्ष जवळजवळ बाकावर बसून शिकू दिलं.

रिकी २००२ मध्ये मायामीला गेला. त्या हंगामात तो १८५३ यार्ड धावला, लीगमध्ये सर्वाधिक.