कॉलेजच्या टीव्हीत मुलं यावीत, आणि टिकावीत, म्हणून

नमस्कार! बऱ्याच कॉलेजांत आज चांगला कॅमेरा असतो, माईक असतात, हिरवा पडदा लावलेला छोटा स्टुडिओही असतो. पण त्याला बहुतेक वेळ कुलूप. कॉलेजच्या चॅनेलवर दिसतं काय, तर प्राचार्यांचं मनोगत आणि गॅदरिंगचं उद्घाटन. या स्टुडिओत मुलांना आणायचं कसं, ते आज बोलू या.

विद्यापीठ आणि टीव्ही यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. १९८४ पासून दूरदर्शनवर यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा शैक्षणिक कार्यक्रम लागायचा. पुणे विद्यापीठातलं केंद्रही त्यासाठी कार्यक्रम बनवायचं. मोलाचं काम होतं ते. पण कार्यक्रम बनवणार जाणकार, आणि विद्यार्थी तो बघणार, अशी ती वाटणी होती.

ग्लासगो विद्यापीठात मात्र १९६४ मध्येच विद्यार्थ्यांनी स्वतःचं टीव्ही स्टेशन काढलं होतं. त्याचं नाव ‘गस्ट’. ब्रिटनमधलं ते सगळ्यांत जुनं विद्यार्थी स्टेशन. १९६७ ला यॉर्कमध्ये दुसरं निघालं, १९७३ ला अशा स्टेशनांची देशव्यापी संघटना झाली, आणि आजही ती त्यांच्या कामाला पारितोषिकं देते. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाचं ‘केओएमयू’ तर १९५३ पासूनचं. शहरातली माणसं ते रोजच्या बातम्यांसाठी लावतात आणि त्या बातम्यांवर पत्रकारितेचे विद्यार्थी काम करतात. बातमी चुकली, तर ती आख्ख्या गावासमोर चुकते. म्हणून मुलं जीव लावून काम करतात.

आपल्याकडे कॅम्पस रेडिओला परवाना मिळतो. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठानं २००४ मध्ये सुरुवात केली, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहेच. टीव्हीला तशी वाट नाही. पण यूट्यूब आहे, आणि कॅन्टीनमध्ये एक स्क्रीन लावता येतो. कॅन्टीनमधला स्क्रीन मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे बघणारा समोर बसलेला असतो. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत, ठरलेल्या वेळी, १० मिनिटांचं बुलेटिन. एवढ्यानं सुरुवात होते.

आता मुलं. कृपा करून ऑडिशननं सुरुवात करू नका. ऑडिशनला रांग लागते, दोघं अँकर होतात आणि बाकीचे पुन्हा फिरकत नाहीत. त्याऐवजी आलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी काम द्या. १० मिनिटांच्या बुलेटिनला माणसं किती लागतात बघा. रनडाऊन, म्हणजे कशानंतर काय दाखवायचं त्याची यादी, लिहिणारी एक, बाईट, म्हणजे लोकांच्या प्रतिक्रिया, आणणारे दोघं, कॅमेऱ्यामागे एक, हेडफोन लावून फक्त आवाज ऐकणारा एक, एडिटला दोघं, नावं आणि आकडे तपासणारी एक. तपासणारी मुलगी स्टॅटिस्टिक्सची असेल तर उत्तमच. हे मास मीडियावाल्यांचंच काम, असं समजूच नका.

एकांकिका आठवा. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे. प्रकाशयोजना करणारा, सेट उचलणारा मुलगा रात्र रात्र तालमीला का थांबतो? प्रयोगाची तारीख ठरलेली असते, आणि आपल्यावाचून तो होणार नाही हे त्याला माहीत असतं. टीव्हीतही प्रत्येकाला हेच वाटलं पाहिजे. शेवटी सगळ्यांची नावं स्क्रीनवर आलीच पाहिजेत, केबल गुंडाळणाऱ्याचंही.

आणखी एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. वर्गात तोंड न उघडणारी कितीतरी मुलं फक्त भाषेमुळे गप्प असतात. माईक हातात आला की त्यांना वाटतं, आता पुस्तकी मराठी बोलावं लागणार. त्यांना अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून निवेदन, करू द्या. खाली सबटायटल टाका. बातमी खरी असली आणि ऐकू नीट आली, की झालं.

विषय मुलांनीच निवडायचे. हॉस्टेलचं पाणी, रखडलेला निकाल, शेवटची एसटी चुकली तर घरी जायचं कसं. इथे हमखास खटका उडतो. प्राध्यापकांनी प्रत्येक ओळ मंजूर करायची ठरवली, तर महिन्याभरात फक्त मनोगतं उरतील. म्हणून आधीच लेखी ठरवून घ्या. विषय मुलांचा. मार्गदर्शक शिक्षक तीनच गोष्टी बघतील: माहिती पडताळली का, कोणाची नाहक बदनामी होते का, आणि ज्याचा चेहरा दिसतो त्याची परवानगी घेतली का. ऑफिसविरुद्ध तक्रार असेल, तर ऑफिसची बाजू मागितल्याशिवाय बातमी जाणार नाही. हा शेवटचा नियम मुलांना सगळ्यांत जास्त शिकवतो.

या कामाला अभ्यासक्रमाचे क्रेडिट्स मिळत असतील तर जरूर मिळवून द्या. फक्त हजेरी म्हणजे काम, असं होऊ देऊ नका.

आणि टीवायची मुलं मे महिन्यात जाणार, हे जूनमध्येच धरून चला. प्रत्येक कामाला जोडी लावा, एक सीनियर आणि एक एफवायचा. पासवर्ड, फुटेजची हार्ड डिस्क, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांची नोंद, हे सगळं दिवाळीनंतर ज्युनियरच्या ताब्यात द्या. सीनियर शेजारी बसेल, बटणं ज्युनियर दाबेल.

पुढच्या व्हिडिओत फोनवर स्वच्छ आवाज कसा रेकॉर्ड करायचा ते करून दाखवते. कॅन्टीनच्या गोंगाटातसुद्धा.