पाणपक्ष्यांचा फ्लू माणसांत येतो तो असा

हे उजनीचं बॅकवॉटर, भिगवण. लोक इथे फ्लेमिंगो बघायला येतात, पण आत्ता जरा त्या काठावरच्या थव्याकडे बघा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पट्टकदंब हंस, हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात महाराष्ट्रात येतात. २००५ साली चीनच्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूनं हजारो पक्षी मेले, त्यात सगळ्यात जास्त फटका याच हंसांना बसला.

इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे बर्ड फ्लू, स्वाइन फ्लू ज्या गटात येतात तो फ्लूचा व्हायरस, त्याचं मूळ घर म्हणजे पाणपक्षी. बदकाच्या आतड्यात हा व्हायरस राहतो, बऱ्याचदा बदकाला काहीच होत नाही, विष्ठेतून तो पाण्यात उतरतो आणि तेच पाणी दुसरं बदक पितं. हे हजारो वर्षं चालूय, यात पक्ष्यांचा काही दोष नाही. आपला संबंध येतो तो मधल्या जनावरांमुळे, म्हणजे कोंबड्या आणि डुकरं.

आता हे ॲनिमेशन नीट बघा, सगळी गोम इथे आहे. या व्हायरसचा जनुकीय माल एकसंध नसतो, त्याचे ८ वेगवेगळे तुकडे असतात. डुकराला पक्ष्यांचा फ्लू पण होतो आणि माणसांचा पण, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच पेशीत शिरले की हे तुकडे पत्ते पिसल्यासारखे मिसळतात, बाहेर पडतो तो तिसराच व्हायरस. १९५७ च्या जगभरच्या फ्लू साथीच्या व्हायरसमध्ये ३ तुकडे पक्ष्यांकडचे होते, बाकीचे ५ माणसांत आधीपासून फिरणाऱ्या फ्लूचे. १९६८ च्या साथीत पक्ष्यांकडचे २. २००९ चा स्वाइन फ्लू तर डुकरांमधल्याच व्हायरसांच्या मिसळीतून आला, आणि त्या व्हायरसांत पक्ष्यांचे, माणसांचे तुकडे आधीच येऊन बसले होते. व्हायरसच्या बाहेरच्या आवरणावरचं प्रोटीन असं बदललं की आपल्या शरीराला तो ओळखता येत नाही. पण तेवढ्यानं जगभर साथ येत नाही, तो माणसाकडून माणसाला सहज लागायला हवा, आणि बर्ड फ्लूच्या एच५एन१ ला ते अजून जमलेलं नाही.

हे नवापूर, नंदुरबार जिल्हा. फेब्रुवारी २००६, देशातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्रीत सापडला. नमुने भोपाळच्या लॅबमध्ये गेले, पॉझिटिव्ह आले, आणि पांढरे सूट घातलेली माणसं शेडमध्ये शिरली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. माणसांत एकही केस निघाली नाही. धंदा मात्र बसला. कोंबड्या पटापट मरायला लागल्या की सगळ्यात आधी कळतं ते शेडवाल्याला, त्यानं फोन केला तरच पुढची यंत्रणा हलणार, आणि भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणार असेल तरच तो फोन करणार. आमच्या मते साथ रोखायची खरी जागा ही आहे, हॉस्पिटल फार नंतर येतं.

कारण एकदा फ्लू माणसांत पसरायला लागला की वेग बघा. जून १९१८, जगभर पसरलेल्या फ्लूच्या साथीत मुंबईच्या गोदीवर ड्युटीला असलेले ७ पोलीस शिपाई तापानं आजारी पडले, तिथून रेल्वेनं तो देशभर गेला आणि त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं मेली. २००९ ला जहाजाचीही गरज नव्हती, एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत सापडला, मे मध्ये विमानानं भारतात, ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू.

तुमच्याकडे कोंबड्या किंवा कावळे अचानक मरताना दिसले तर हात लावू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.