भट्टी उघडायची घाई नको

(दृश्य: काचेवर फिरणारं कटरचं चाक, अगदी जवळून)

काचेचे थर भट्टीत वितळवून, एकमेकांत जोडून पेंडंट करायचं आहे. सुरुवात काच कापण्यापासून. हा बारीक, सलग करकर आवाज आला की समजायचं, दाब बरोबर पडतोय. कटर काच कापत नाही, फक्त ओरखडा ओढतो. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना चिमट्याने दाब दिला की काच तिथून मोडते. रेषा एकदाच ओढायची. तिच्यावरून दुसऱ्यांदा चाक फिरवलं, तर चीर भलतीकडे पळते आणि चाकाची धारही जाते.

(दृश्य: टेबलावर मांडलेले काचेचे तुकडे)

तळाला काळी काच, ३ मिलिमीटर जाड. तिच्यावर चमकणारी पट्टी डायक्रोइक काचेची. निर्वात पेटीत धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर एकावर एक चढवून ती बनते. काळ्यावर ती समोरून सोनेरी दिसते, तिरकी धरली की हिरवट. सगळ्यात वर ३ मिलिमीटरची पारदर्शक काच, चारी बाजूंनी तळापेक्षा १ मिलिमीटर मोठी. वितळताना ती कडेवरून खाली उतरते आणि पट्टी आत झाकली जाते.

दोन थरच का? वितळलेली काच स्वतःहून साधारण ६ मिलिमीटर जाडी धरायला बघते. एकच थर ठेवला तर ती आत आकसते आणि कडेला सुईसारखी टोकं येतात. तीन थर ठेवले तर बाहेर पसरते, पेंडंटचा आकार बिघडतो.

(दृश्य: बांगड्यांचे तुकडे, खिडकीची काच, रंगीत काचेचे पत्रे)

नवशिक्यांची पहिली चूक इथे होते. घरातल्या फुटक्या बांगड्या या काळ्या काचेवर ठेवून चालत नाही. इथली सगळी काच ९० आकड्याची आहे, म्हणजे एक मीटर काच एका अंशाला ९ मायक्रॉन वाढते. खिडकीच्या काचेचा आकडा बहुधा त्याहून कमी असतो आणि बांगडीचा तर आपल्याला ठाऊकच नसतो. दोन्ही काचा भट्टीत छान चिकटतात, पण गार होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी. तडा कधी लगेच दिसतो, कधी महिन्याने, गळ्यात असताना. नुसता आकडा जुळूनही भागत नाही. काच किती घट्ट वाहते, हेही जुळावं लागतं. म्हणून एकमेकींशी तपासलेलीच काच घ्यावी.

(दृश्य: धुणं, पुसणं, भट्टीच्या फळीवर मांडणी)

प्रत्येक तुकडा धुऊन कोरडा पुसायचा. बोटाचा तेलकट ठसा राहिला, की तिथे काचेचे स्फटिक धरतात आणि पृष्ठभाग दुधाळ, खरखरीत होतो. फळीवर किल्न वॉश या लेपाचे चार-पाच पातळ हात द्यायचे, नाहीतर काच फळीलाच चिकटते. कडा घासताना काच ओलीच ठेवायची आणि मास्क लावायचा; ही धूळ फुप्फुसांना घातक आहे.

(दृश्य: भट्टीच्या झरोक्यातून दिसणारा नारिंगी उजेड)

तासाला २२० अंशांच्या वेगाने ६७५ अंश सेल्सिअसपर्यंत. तिथे अर्धा तास थांबा. काच मऊ पडून हळूहळू खाली बसते आणि थरांमधली हवा कडेने निघून जाते. हा थांबा गाळला की मधोमध बुडबुडे राहतात. मग ८०५ अंश, फक्त १० मिनिटं. कोपरे गोल झालेले पाहा.

यानंतर ७६० ते ७०० अंशांचा पट्टा झटपट ओलांडायचा, कारण ते दुधाळ स्फटिक तिथेच वाढतात. ४८२ अंशांवर मात्र पूर्ण एक तास. इथे काचेतला ताण सुटतो, यालाच अनीलिंग म्हणतात. पुढे तासाला ५५ अंशांनी ३७० पर्यंत आणि मग भट्टी बंद. झाकण सकाळपर्यंत उघडायचं नाही. हातात घेतलेला तुकडा झरझर बनलेला दिसत असला, तरी त्यामागे ही अख्खी रात्र आहे. स्वस्त माल बहुतेकदा इथेच वेळ वाचवतो.

(दृश्य: सिरॅमिकच्या साच्यात बसत जाणारी निळी वाटी)

पेंडंटऐवजी वाटी करायची असेल, तर जोडलेली काच दुसऱ्यांदा भट्टीत जाते. आता ती ६ मिलिमीटरचा एकच जाड तुकडा आहे, म्हणून तापवायचा वेग कमी ठेवायचा. ६६५ अंशांच्या सुमाराला ती स्वतःच्या वजनाने साच्यात उतरते. साच्याच्या तळाची भोकं किल्न वॉशने बुजलेली असतील, तर खाली हवा अडकते आणि वाटीचा तळ फुगतो.

तुटलेला तुकडा काय झालं ते सांगतो. तड्याची कड गोलसर असेल तर काच तापताना फुटली, धारदार असेल तर गार होताना.

(दृश्य: दोन ध्रुवक फिल्मच्या, म्हणजे प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं जाऊ देणाऱ्या पातळ पापुद्र्यांच्या मध्ये धरलेली चाचणी-पट्टी)

पेंडंटसोबत भट्टीत ठेवलेली ही पारदर्शक पट्टी, तिच्यावर त्याच काळ्या काचेचा छोटा तुकडा. दोन्ही फिल्म एकमेकींवर आडव्या धरल्या की काळोख होतो. काचेत ताण असता, तर तुकड्याभोवती उजळ कडं दिसलं असतं.

कडं नाही. आता पेंडंटला हूक लावता येईल.