मावा मेला, व्हायरस राहिला

(पपई बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, पपईवर येतोच, पण आधी टोमॅटो. २०२० सालचा मे महिना आठवा. लॉकडाऊन चालू होतं आणि पुणे, नगर, नाशिक पट्ट्यात टोमॅटोची फळं धड लाल होईनात. कुठं पिवळा चट्टा, कुठं हिरवा. शेतकऱ्यांनी नाव पाडलं 'तिरंगा'. टोमॅटोला व्हायरस म्हटल्यावर टीव्हीवाल्यांना आणखी काय हवं! माझ्या बहिणीचा फोन आला, "दादा, घरात दोन किलो आहेत, टाकून देऊ का?" मी म्हटलं, कोशिंबीर कर. झाडाच्या विषाणूनं टोमॅटो आजारी पडतो, टोमॅटो खाणारा नाही. पुढे बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यात मुख्यतः कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही निघाला. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना तो नवा नाही. ते त्याला 'हरण्या' म्हणतात.

त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. हा व्हायरस एका झाडावरून दुसऱ्यावर गेला कसा?

माणसाचं एक बरं असतं, शिंक आली की काम झालं. झाडाची पेशी म्हणजे चारही बाजूंनी भिंत घातलेला वाडा, आणि विषाणूला ती भिंत फोडता येत नाही. कुणीतरी भोक पाडून द्यावं लागतं. कधी ते आपणच पाडतो. तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोची पिल्लं, म्हणजे बगलेतले फुटवे खुडले तर तंबाखूचा मोझॅक विषाणू टोमॅटोत जाऊ शकतो. (मागच्या रांगेत हसू नका, तुमच्याकडं बघूनच बोलतोय.) पण बहुतेक वेळा हे काम रस शोषणारे किडे करतात. अळी पान कुरतडते तेव्हा तिथल्या पेशी मरतात, आणि विषाणूला तर जिवंत पेशी लागते. मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांची सोंड इतकी बारीक की पेशीला टोचलं तरी ती जगते. विषाणूला याहून चांगली सोय कुठली मिळणार?

किड्यांमुळं झाडाचा रोग पसरतो हे पहिल्यांदा ताडणाऱ्यांमध्ये जपानचा हाशिमोतो नावाचा एक भातउत्पादक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. भात खुजा राहण्याच्या रोगाचा आणि तुडतुड्यांचा संबंध त्यानं जोडला. तोवर विषाणू हा शब्दही आजच्या अर्थानं रूढ नव्हता.

आता पपई. भिंगातून पंखवाला मावा पानावर उतरताना एकदा जरूर बघा. उतरल्या उतरल्या तो रस प्यायला बसत नाही. मिशा मागे टाकतो, सोंडेचं टोक पानावर टेकवतो आणि वरच्या थरातल्या पेशीत सुई खुपसून चव घेतो. भाजीवाल्याकडची बोरं आपण घेण्याआधी चाखतो, तसं. पाच-दहा सेकंद, फार तर अर्धा मिनिट. आवडलं नाही की सुई काढून उडाला. पपई त्याला आवडतच नाही. पपईवर मावा वस्ती करत नाही. तो शेजारच्या काकडी-कलिंगडावरून, कपाशीवरून, बांधावरच्या तणावरून आलेला वाटसरू असतो. चव घ्यायची, थुंकायचं, पुढचं झाड. त्या चवीच्या घोटाबरोबर पपईचा रिंगस्पॉट व्हायरस सुईच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडात थुंकीबरोबर उतरतो. माव्याच्या पोटात तो जातसुद्धा नाही. दोनचार झाडं चाखली की सुई पुसली जाते आणि मावा पुन्हा निर्दोष.

आता हिशेब तुम्हीच करा. तुमचं सगळ्यात जहाल औषध माव्याला मारायला किती वेळ घेतं? काही मिनिटं तरी धरा, कधी तास. त्याचं काम तर सेकंदांत झालेलं असतं. म्हणून फवारल्यावर मावा मरतो आणि बाग तरीही पिवळी पडते. काही औषधांनी तर मावा मरण्याआधी बिथरतो आणि एका जागी बसायच्या ऐवजी दहा ठिकाणी चव घेत फिरतो. म्हणजे पैसे देऊन आपण पाहुणा घरोघर फिरवला. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, तो मागेल ते देतो. आपणच मागताना किडा आणि रोग यांत गल्लत करतो.

आता कुणी म्हणेल, भेंडीवर पांढऱ्या माशीसाठी फवारलं तर हळद्या, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, कमी झालेला आम्ही पाहिलाय. खरं आहे, कारण तिथली तऱ्हाच वेगळी. भेंडीचा हळद्या, टोमॅटो-मिरचीचा पानं आकसवणारा कोकडा, यांचे विषाणू माशीच्या सुईला चिकटून राहत नाहीत. माशी शिरेपर्यंत सोंड घालून बराच वेळ रस ओढत बसते, तेव्हा ते तिच्या पोटात जातात, पोटातून रक्तात आणि रक्तातून लाळेच्या ग्रंथीत. या प्रवासाला काही तास लागतात, तोवर ती कुणाला लागण देऊ शकत नाही. पण एकदा ते लाळेत पोचले की ती दिवसेंदिवस, बहुधा मरेपर्यंत, बसेल त्या झाडाला प्रसाद वाटते. इथं तास आपल्या हातात असतात, म्हणून औषधाला थोडी संधी मिळते. थोडीच, कारण ही माशी औषधांना फार लवकर सरावते.

फुलकिड्यांचं तर अजबच. भुईमुगाची शेंडेमर ज्या कुळातल्या विषाणूमुळं होते, तो फुलकिड्याच्या पिल्लानंच घ्यावा लागतो. मोठा फुलकिडा रोगट झाडावर कितीही बसला तरी तो वाहक होत नाही. लहानपणी घेतलेला विषाणू त्याच्या अंगात वाढतो आणि पंख फुटल्यावर तो गावभर नेतो. म्हणजे किडाही एका अर्थी आजारीच.

विषाणू काय काय करतो बघा. सीएमव्ही झालेल्या भोपळ्यावर अमेरिकेत अभ्यास झाला आहे. रोगट झाड वास जास्त सोडतं, त्यामुळं मावा ओढला जातो. पण त्या झाडाची चव बिघडलेली असते, त्यामुळं तो तिथं टिकत नाही, चाखून लगेच उठतो. पाटी झकास आणि आत जेवण बेचव. सेकंदांत पसरणाऱ्या विषाणूला नेमकं हेच हवं.

यावर वाणाचा उपाय नाही का? आहे, पण त्याची कथा ऐका, आणि ती आपल्याच मुलखातली आहे. भेंडीच्या त्या हळद्याची नोंद १९२४ साली मुंबई इलाख्यात कुलकर्णी यांनी केली. १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूचा असल्याचं दाखवून त्याला येलो व्हेन मोझॅक हे नाव दिलं. दिल्लीत तयार झालेली पुसा सावनी सुरुवातीला या रोगापुढं उभी राहिली आणि देशभर गेली. काही वर्षांत तीही पिवळी पडू लागली. मग तिचा संकर रानभेंडीशी करून परभणीच्या विद्यापीठानं परभणी क्रांती दिली. तिनंही बरीच वर्षं साथ दिली, आता तिच्यावरही हळद्या दिसतो. विषाणू बदलतो, माशी वाढते, आणि आपण एकच वाण शेकडो एकरांवर लावून त्यांना सरावाला मैदान देतो. हवाईमध्ये पपईच्या विषाणूचाच तुकडा पपईत घालून 'रेनबो' हा वाण काढला आणि १९९८ पासून तिथली बुडालेली पपई पुन्हा उभी राहिली. आपल्याकडं तशा पपईच्या लागवडीला परवानगी नाही, तेव्हा त्या आशेवर बसू नका.

मग हातात काय उरतं? माव्याला पपईपर्यंत स्वच्छ सुईनं येऊ द्यायचं. लागवडीच्या आधी बागेभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी वाढवा. मावा आधी त्यात उतरतो, चार पानं चाखतो आणि सुई तिथंच पुसतो. मक्याला पपईचा विषाणू लागत नाही. रोपं बारीक जाळीत वाढवा, कारण लहानपणी लागण झाली तर झाडाला फळच धरत नाही. चंदेरी आच्छादनाच्या चकाकीनं उतरणारा मावा गोंधळतो, त्याचाही उपयोग होतो. बागेत काकडी-भोपळ्याचं आंतरपीक घेऊ नका. चार पैसे सुटतात खरे, पण ती माव्याची धर्मशाळा होते.

आणि रोगट झाड दिसेल त्या दिवशी उपटा. देठावर तेलकट रेघा, पान दोरीसारखं बारीक, फळावर गोल कडी. एवढं दिसलं की थांबायचं नाही.

आत्ता पुढच्या रांगेतल्या आबांनी विचारलं, "फळं धरलेलं झाड उपटायचं?" आबा, हे सगळं वर्गात तीस वर्षं शिकवलेल्या माणसाचं काय झालं ते सांगतो. घरामागं हौसेनं पंचवीस पपया लावल्या होत्या. एका झाडाच्या देठावर तेलकट रेघा दिसल्या. मला पुरतं कळलं होतं. पण झाडावर नऊ फळं होती आणि बायको म्हणाली, एवढी पिकेपर्यंत राहू द्या. मीही म्हटलं, राहू दे. दोन महिन्यांनी पंचवीसपैकी तीन झाडं धड उरली होती. ती नऊ फळं आम्ही खाल्ली. फिकी होती.