ओसरीवर पाहुणा, माजघरात निरोप

(नागपूरच्या धरमपेठेतील एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज सकाळी कळमेश्वरकडून येताना एका शेतकऱ्याला विचारून सोयाबीनचं हे झाड मुळासकट उपटून आणलं. दुसरी डवरणी होऊन गेली आहे, झाड पस्तीस-चाळीस दिवसांचं असेल. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी आहेत. त्यातली एक मी ब्लेडनं चिरली. आतला रंग पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल. गुलाबी, जवळजवळ रक्तासारखा.

हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतला मोकळा ऑक्सिजन त्याच्यामुळे अगदी नगण्य राहतो, हवा लागलेल्या साध्या पाण्यात असतो त्याच्या हजारो पटींनी कमी. इतकी काळजी कशासाठी? गाठीत राहणारे ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात. ते काम करणारं विकर, नायट्रोजिनेज, ऑक्सिजन लागला की कायमचं निकामी होतं. पण याच जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवाही असतो. त्यामुळे मोकळ्या मातीत असताना त्याचा संसार एक आणि गाठीत शिरल्यावर दुसरा. आता आपण गाठीत आलो, हे त्याला कळतं कशावरून?

एका प्रथिनावरून. त्याचं नाव फिक्स-एल. त्यात हीम असतं, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये मधोमध लोखंडाचा अणू धरून बसलेलं जे चपटं चक्र असतं, तेच. हे १९९१ साली कळलं. सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियममधल्या फिक्स-एलच्या हीम धरणाऱ्या भागाची त्रिमितीय रचना १९९८ साली प्रसिद्ध झाली. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ त्या चित्रासमोरून उठलो नव्हतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि त्यातल्या सुमारे शंभर अमिनो आम्लांची ही घडी आहे. पाच पट्ट्या एकमेकींशेजारी उलटसुलट दिशेनं विणलेल्या, त्यांचा किंचित वाकलेला पडदा, त्याला लगटून काही लहान मळसूत्रं आणि मधल्या खोबणीत हीम. या घडीला ‘पास’ म्हणतात. जिवाणूंच्या संवेदक प्रथिनांमध्ये ती जागोजागी सापडते. कुठे खोबणीत हीम असतं, कुठे प्रकाश टिपणारा रेणू, कुठे आणखी काही. विणकर तोच, माग तोच, धागा वेगळा.

ऑक्सिजन हीमच्या लोखंडावर बसला की काय होतं, ते फार देखणं आहे. दोनशे विसाव्या क्रमांकावर अर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल आहे. एरवी त्याचा हात हीमच्या कडेला धरलेला असतो. ऑक्सिजन आला की ते तो हात सोडतं, आत वळतं आणि ऑक्सिजनला धरतं. एवढ्यानं आजूबाजूच्या घडीचा आकार थोडा बदलतो आणि त्या बदलामुळे प्रथिनाचं दुसरं टोक काम थांबवतं. ऑक्सिजन निघून गेला की काम पुन्हा सुरू. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. फिक्स-एलची ऑक्सिजनवरची पकड आपल्या स्नायूंतल्या मायोग्लोबिनपेक्षा कितीतरी सैल आहे. साठवण करणाऱ्यानं घट्ट धरावं, हे बरोबरच. खबर देणाऱ्याला मात्र सोडताही आलं पाहिजे.

दुसऱ्या टोकाचं काम म्हणजे एटीपीकडून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून, फॉस्फेट घेऊन ते स्वतःच्या एका हिस्टिडीन या अमिनो आम्लावर चढवणं. तिथून ते फिक्स-जे या जोडीदार प्रथिनाच्या अस्पार्टेट या अमिनो आम्लावर जातं. फॉस्फेट मिळालेलं फिक्स-जे डीएनएवर जाऊन बसतं आणि कमी ऑक्सिजनात निभाव लागावा म्हणून लागणारी जनुकं जागी होतात. एक टिपणारा, एक अंमल करणारा. जिवाणूंच्या अनेक संवेदनांमागे अशीच जोडी असते.

ऑक्सिजन पेशीच्या पटलातून आरपार जातो, म्हणून सोयाबीनच्या जिवाणूतलं फिक्स-एल पेशीच्या आतच राहून त्याला टिपू शकतं. पण बाहेर एखादं अमिनो आम्ल आलं, तर पटल त्याला अडवतं. अशा वेळी संवेदक पटलात रोवलेला असतो, डोकं बाहेर आणि लांब शेपूट आत. आपल्या जुन्या घरांत परका पाहुणा ओसरीवरच बसायचा आणि निरोप तेवढा माजघरात जायचा. तसंच हे.

याचं फार बारकाईनं अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूमधलं टार हे प्रथिन. अस्पार्टेट कुठे आहे, हे ते टिपतं. टारचे दोन सारखे रेणू जोडीनं उभे असतात. साल्मोनेला या जिवाणूतल्या टारच्या बाहेरच्या भागाची रचना १९९१ साली बर्कलेमध्ये उलगडली. प्रत्येक रेणूत चार मळसूत्रांची मोळी आणि दोघांच्या मधल्या फटीत अस्पार्टेटची जागा. अस्पार्टेट बसलं की पटलातून आत जाणारं एक मळसूत्र पिचकारीच्या दट्ट्यासारखं आत सरकतं. किती? एक ते दोन अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आणि हा निरोप तीनशे अँगस्ट्रॉमहून लांब प्रथिनाच्या पार तळाशी पोचतो. पटलाखाली ‘हॅम्प’ नावाचा एक छोटा सांधा आहे, तो या सरकण्याचं रूपांतर करतो. ते वळण्यात होतं की कलण्यात, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, आणि हा वाद मला फार मोलाचा वाटतो. कारण तो सगळा एकदोन अँगस्ट्रॉमचा आहे, आणि जिवाणूनं पोहत राहायचं की दिशा बदलायची, ते त्यावर ठरतं.

हे संवेदक एकेकटे नसतात. तीन जोड्यांचा एक झुपका, असे शेकडो झुपके षटकोनी जाळ्यात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. एकाला कळलं की शेजारी हलतात, म्हणून अतिशय क्षीण खबरही मोठी होते.

आता यातून निघणारा प्रश्न. डोकं आणि शेपूट इतकी सुटी असतील, तर डोकं बदलता येईल का? १९८९ साली टारचं डोकं आणि क्षाराची दाटी ओळखणाऱ्या एन्व्ह-झेड या संवेदकाची शेपूट जोडली गेली. ते प्रथिन अस्पार्टेटला उत्तर देऊ लागलं. मला त्याहून आवडतो तो २००९ सालचा प्रयोग, कारण तो आपल्या सोयाबीनच्या जिवाणूचा आहे. मोग्लिश आणि मोफट या संशोधकांनी फिक्स-एलचा हीमवाला भाग कापला आणि तिथं बॅसिलस सब्टिलिस या दुसऱ्या जिवाणूमधली निळा प्रकाश टिपणारी घडी बसवली. अंधारात ते प्रथिन फिक्स-जेला फॉस्फेट देत राहिलं, निळा प्रकाश पडताच थांबलं. ऑक्सिजन ओळखणारा आता उजेड ओळखू लागला.

पण सांधा कुठेही जोडून चालत नाही. दोन भागांमधलं मळसूत्र सात-सात अमिनो आम्लांच्या मापानं वाढवलं तर वागणूक तशीच राहते. माप चुकलं की प्रथिन बहिरं होतं, आणि काही मापांना तर उलटं वागतं, उजेडात चालू आणि अंधारात बंद. दोन मळसूत्रं एकमेकांना पीळ घालून उभी असतात आणि चिकटणारी बाजू दर सातव्या पायरीला पुन्हा समोर येते, त्यातून हे सातचं माप निघतं. दोरखंड वळणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

महाविद्यालयात आपण या भागांची नावं पाठ करून घेतो आणि पोरांच्या हाती गाठ देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचं पाकीट चोळणाऱ्या घरातली कितीतरी मुलं आपल्या वर्गांत बसलेली असतात. ते पाकीट उन्हात पडलं, तर आतले जिवाणू मरतात, एवढं त्यांना माहीत असतं. ते जिवाणू गाठीत पोचल्यावर कसे ओळखतात, हेही त्यांना सांगायला हवं.

झाड इथं टेबलावर ठेवतो, शेजारी भिंग आणि ब्लेड आहे. जाताना एकेक गाठ चिरून पाहा. आत गुलाबी दिसली तर गाठ कामाला लागलेली आहे. पांढरी निघाली तर नत्राचं काम तिथं चाललेलं नाही, आणि हिरवट असेल तर तिचे दिवस सरले. मुळाच्या वरच्या भागातल्या गाठी आधी घ्या, त्या मोठ्या आहेत.