बर्फ कधी सुटणार?

नमस्कार श्रोतेहो.

साथीमुळे घरात बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘सकारात्मक राहा’. हा सल्ला देणाऱ्याच्याच सोयीचा आहे. ऐकणाऱ्याने उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते त्यातून कळत नाही. तेव्हा आपण नेमकंच बोलू, आणि सुरुवात उजेडापासून करू.

ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स उजेड असतो (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). दिवा लावलेल्या खोलीत बहुतेक वेळा पाचशेही भरत नाही. शरीराचं घड्याळ लागतं ते या उजेडावर. म्हणून उठल्यापासून तासाभरात २० ते ३० मिनिटं गॅलरीत किंवा उघड्या खिडकीला लागून बसायचं. लागून, हं. दोन पावलं मागे सरकलात की उजेड झपाट्याने घटतो. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही. आणि रात्री झोप कितीही मोडलेली असो, उठायची वेळ तीच ठेवायची. पुन्हा सांगतो: उठायची वेळ एकच, आणि उठल्यावर उजेड.

वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ बरं. मोबाइलवर किती वाजले बघायला जावं, तर अर्धा तास रुग्णांचे आकडे वाचून परत यावं, आणि किती वाजले ते तरीही कळलेलं नसतं! किल्लीची घड्याळं गेली तेव्हाच घराची निम्मी शिस्त गेली असं माझं जुनं मत आहे, पण ते राहू द्या.

उजेडाचा विषय निघाला की बेल्जिका जहाजाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अंटार्क्टिकाच्या शोधमोहिमेवर निघालेलं हे जहाज मार्च १८९८मध्ये बर्फात रुतलं. मोहिमेचा प्रमुख बेल्जियमचा आद्रियाँ द जेर्लाश. जहाजावरचा एक अधिकारी होता रोआल्ड अमुंडसेन, जो पुढे १९११ साली दक्षिण ध्रुवावर सगळ्यांच्या आधी पोचला. आणि डॉक्टर होता अमेरिकेचा फ्रेडरिक कुक. मेच्या मध्यावर सूर्य मावळला, तो जवळपास ७० दिवस उगवलाच नाही. विचार करा, जहाजात अडकलेली एवढीशी माणसं, तीच तोंडं, तेच डबाबंद जेवण आणि काळोख. जूनमध्ये एमिल दांको हा शास्त्रज्ञ दगावला. माणसं चिडचिडी झाली, कुणाची नाडी धावायला लागली, कुणाची भूक मेली. एका खलाशाचं मानसिक संतुलनच ढळलं.

कुकने काय केलं? भाषण दिलं नाही. त्याने माणसांना कपडे उतरवून पेटत्या शेगडीपुढे तासभर उभं केलं. ऊब मिळावी, आणि सूर्य नाही तर निदान आगीचा उजेड तरी मिळावा म्हणून. दुसरं, पेंग्विनचं आणि सीलचं ताजं मांस खायला लावलं. त्याची चव इतकी वाईट, की प्रमुखालाच ते नको होतं. पण ते खाल्लं आणि स्कर्व्ही, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्याने होणारा आजार, हटली. मृत्युपत्र लिहून बसलेला कप्तान लेकोआँत उठून कामाला लागला. तिसरं, जहाजाभोवती गोल चालायचं, रोज. खलाशांनी त्या फेरीचं नावच ‘वेड्यांची फेरी’ ठेवलं! नाव ठेवलं, पण फेरी मारली. (याच कुकवर पुढे तेल कंपनीच्या शेअर्सच्या फसवणुकीचा खटला झाला आणि तो तुरुंगात गेला. तिथे त्याला भेटायला कोण गेलं? अमुंडसेन. उपकार लक्षात ठेवावेत ते असे.)

आता या गोष्टीतला मला आवडणारा भाग ऐका. जहाजावरची माणसं दोन गोष्टींची वाट बघत होती. सूर्य कधी उगवणार, हे गणित करून सांगता येत होतं. बर्फ कधी सुटणार, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सूर्य जुलैअखेरीस परत आला. बर्फ मात्र तिकडचा उन्हाळा आला तरी हलेना. तेव्हा, १८९९च्या जानेवारीत, त्यांनी करवती काढल्या आणि जवळच्या मोकळ्या पाण्यापर्यंत बर्फात कालवा कापायला घेतला. काम काही आठवडे चाललं. कापलेलं पुन्हा गोठायचं, पुन्हा कापायचं. फेब्रुवारीत जहाज त्या कालव्यातून निघालं, बर्फाच्या कडेशी पुन्हा महिनाभर अडकलं आणि मार्चच्या मध्यावर सुटलं.

तर एक वाट तारखेची आणि एक बिनतारखेची. घरातही दोन्ही असतात, आणि त्रास दुसरीचा होतो. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे तारीख असलेल्या गोष्टी: औषध संपण्याचा दिवस, बिलाची मुदत, तपासणीचा निकाल. उजवीकडे बिनतारखेच्या: साथ कधी ओसरेल, नोकरी राहील का. उजवीकडच्या प्रत्येक ओळीला विचारा, या आठवड्यात करवत चालवण्याजोगं काही आहे का? नोकरीच्या ओळीपुढे ‘गुरुवारी खर्चाची यादी’ असं लिहिलं, की ती डावीकडे आली. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही, तिला रोज १५ मिनिटं द्या. वेळ ठरलेली, खुर्चीत बसून. अंथरुणात नाही आणि झोपेच्या आधीच्या दोन तासांतही नाही. एरवी तो विचार आला तर एक शब्द टिपून ठेवा आणि त्या वेळेवर ढकला. इथे फसतं ते असं, की त्या १५ मिनिटांत माणूस बातम्या उघडतो. मग पंधराचे पन्नास होतात.

आणखी एक चूक म्हणजे ‘महिनाअखेर सगळं सुरळीत होईल’ अशी तारीख मनानेच ठरवणं. ती टळली की माणूस दुप्पट खचतो. बिनतारखेच्या गोष्टीला खोटी तारीख लावू नका. पुन्हा सांगतो, खोटी तारीख लावू नका. बेत आठवड्यापुरता.

एकटं राहणाऱ्यांसाठी थोडं. दोन माणसं ठरवा, वार आणि वेळ ठरवा. बोलायला विषय नसेल तर फोन स्पीकरवर ठेवून दोघांनीही आपापल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात. मध्ये शांतता पडली तरी चालेल. रोगाचं बोलणं पहिल्या पाच मिनिटांत संपवायचं.

झोप, भूक आणि कामातलं लक्ष दोन आठवडे सलग गेलेलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. जगणं नको असा विचार मनात आला, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच क्षणी कुणाला तरी सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हा विचार १५ मिनिटांच्या खुर्चीत बसवायचा नसतो.

नमस्कार.