जिवंत औषध आणि नायट्रोजनचा कॅन

अध्यक्ष गुरुजी, वाचनालयाची मंडळी, आणि मागे दाराशी उभे असलेले, कधीही सटकता यावं म्हणून उभे असलेले सगळे,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'टी पेशींचे उपचार आणि तोंडाचा कॅन्सर'. गुरुजींनी ओळख करून देताना मला 'कॅन्सरवर औषध शोधणारे' म्हटलं. तेवढं दुरुस्त करतो. मी औषध शोधलं नाही. मी पेशी पाळल्या, तीस वर्षं. माझ्या बापानं ढोरं पाळली, मी पेशी पाळल्या, आणि दोन्ही धंद्यांत फार फरक नाही. हे मुंबईत बोललो की लोक हसतात, म्हणून इथं बोलतोय.

आधी एक पाहू. ज्याच्या खिशात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी आहे त्यानं हात वर करा. कोणीच नाही? बरं. ज्याच्या तोंडात आहे त्यानं 'आहे' म्हणावं. पाहा, किती शांतता पसरली. आता प्रत्येकानं आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. लाजू नका, सगळेच करताहेत. ज्यांची दोनच जातात त्यांचं तोंड आखडतंय, ती कॅन्सरआधीची खूण असू शकते. त्यांनी भाषण संपल्यावर मला भेटा.

तर टी पेशी. आपल्याकडं चणा पेरला की रात्री जागलीला जावं लागतं. माळ्यावर बसायचं, बॅटरी मारायची, डुकरं दिसली की हाकलायची. टी पेशी म्हणजे रक्तातला जागल्या. 'टी' म्हणजे थायमस, छातीच्या हाडामागची एक ग्रंथी. तिला काही काम नाही असंच सगळे समजत होते. १९६१ साली जॅक मिलर यांनी उंदरांवर दाखवलं, की जागले तयार होतात ते तिथंच. तिथं त्यांची परीक्षाही होते. घरच्याच वासरावर काठी उगारणारा जागल्या तिथंच बाद होतो.

गोची होते ती याच परीक्षेमुळं. कॅन्सर म्हणजे रानडुक्कर नव्हे, ते आपलंच दावं तोडून सुटलेलं ढोर आहे. जागल्या बॅटरी मारतो, गळ्यात आपलीच घंटी दिसते. तो म्हणतो, घरचंच हाय, चरू दे.

मग करायचं काय? जागल्यालाच नवी नजर द्यायची. १९८९ साली इस्रायलच्या झेलिग एशर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी पेशीवर प्रतिपिंडाचं, म्हणजे ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाचं, तोंड बसवून दाखवलं. आजची 'कार-टी' त्यातूनच आली. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून टी पेशी वेगळ्या काढायच्या, खच्ची केलेल्या विषाणूच्या हातून त्यांच्यात नवा जीन घालायचा, मग खाऊपिऊ घालून त्या कोट्यवधींनी वाढवायच्या. माझा पुतण्या म्हणाला, 'म्हणजे काका, बीटीच ना?' बीटीच. फक्त सरकीच्या जागी माणसाची पेशी. दरम्यान रुग्णाला थोडी केमो देऊन जुन्या पेशी कमी करतात, म्हणजे पेरणीआधीची वखरणी. मग नव्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडायच्या.

हे औषध गोळीसारखं नाही. गोळी पोटात गेली की संपते. ही पेशी आत जाऊन वाढते, वीण घालते, कधी उधळतेही. २०१२ साली अमेरिकेत एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला कार्ल जून यांच्या चमूनं या पेशी दिल्या. रक्ताचा कॅन्सर, बाकी सगळे उपाय संपलेले. पेशी अशा उधळल्या की ताप उतरेना, पोरगी व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात एक रसायन बेसुमार वाढलेलं सापडलं. त्याला अडवणारं औषध संधिवाताचं, आणि जून यांना ते ठाऊक होतं ते त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता म्हणून. ते दिलं, ताप उतरला, पोरगी वाचली आणि मोठी झाली. ढोर पाळणाऱ्याला कळतं मी काय म्हणतोय ते. ताकदीचा बैल हवा, पण वेसणही हवी.

आता या जिवंत औषधाची ने-आण कशी करतात? गोठवून. द्रव नायट्रोजनच्या वाफेत. नायट्रोजन स्वतः उणे १९६ अंशाचा, वाफ त्याहून थोडी कमी गार. आणि इथं मला माझं एक जुनं दुखणं सांगू द्या. गुरुजी घड्याळ पाहताहेत, पाहू द्या.

मी पीएचडीला होतो, मोठ्या शहरातल्या एका संस्थेत. नाव घेत नाही. चौदा रुग्णांच्या टी पेशी मी तीन वर्षं वाढवून नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या होत्या. त्या चौदांतले नऊ जण तोवर गेले होते, म्हणजे त्या पेशी पुन्हा मिळणार नव्हत्या. दिवाळी आली. नायट्रोजनवाल्याचं बिल थकलेलं. फाइल एका टेबलावर, सही करणारे साहेब रजेवर, त्यांचा चार्ज ज्यांच्याकडं ते म्हणाले, हे माझ्या हेडखाली येत नाही. मी सहा वेळा गेलो. सहाव्या वेळी कारकून म्हणाला, 'सण आहे, तुम्हीही घरी जा.' आणि मी आलो! टाकीत पट्टी बुडवून पातळी न बघता धनत्रयोदशीला गाडीत बसलो. तो दोष फाइलचा नाही, माझा.

भाऊबीजेच्या सकाळी आमची गवळाऊ गाय माजावर आली. बापानं निरोप धाडला, आणि तासाभरात गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर फटफटीवर हजर. मागं कॅरिअरला तो अल्युमिनियमचा कॅन बांधलेला, तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आमच्या ओसरीवर त्यांनी काय केलं? आधी झाकण काढून काळी पट्टी आत बुडवली, बाहेर काढून हवेत दोनदा हलवली. पट्टीवर पांढरं दव जिथवर चढलं तिथवर नायट्रोजन. 'चार बोटं हाय, होते' म्हणाले. मग वाफेतून कांडी काढली, कोमट पाण्यात धरली आणि गाय भरली. मी विचारलं, दिवाळीत नायट्रोजन मिळतो कसा? ते म्हणाले, 'सण असो का सुतक, गाय थांबते काय जी?'

चार दिवसांनी मी संस्थेत परतलो. टाकीचं झाकण उघडलं की पांढरा धूर अंगावर येतो. आला नाही. मी आत हात घातला. तुम्हीही करू नका हो असं, भरल्या टाकीत हात गेला तर कायमचा गेला. माझा हात बाहेर आला, नुसता ओलसर. साधा गारवाही नव्हता.

पुढं मी वाचलं आणि आणखी चिडलो. पेशी जिवंत ठेवून गोठवायची ही विद्या मुळात आली कुठून? १९४९ साली लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स कोंबड्याचं वीर्य गोठवायच्या खटपटीत होते. साखरेची समजून एक बाटली वापरली, तिच्यात निघालं ग्लिसरॉल, आणि वीर्य गोठूनही जिवंत राहिलं. म्हणजे कोंबड्यापासून सुरू झालेली विद्या आज कॅन्सरच्या दवाखान्यात गेलीय. तिचा रोजचा सराव कोणाकडं? आपल्या ढोरांच्या दवाखान्याकडं. मी म्हणतो, हे औषध विदर्भात बनवायला अक्कल बाहेरून आणावी लागणार नाही. पट्टी बुडवणारी माणसं इथं आहेत. प्रयोगशाळा हवी, शुद्ध हवेची खोली हवी, कबूल. पण ती पैशानं येते. ही सवय पैशानं येत नाही.

चिठ्ठी आली. 'दहाला थ्री फेज येते, लोकांना ओलिताला जायचं आहे.' म्हणजे पत्रिकेवरच्या विषयाला बारा मिनिटं उरली. घाईत सांगतो.

तोंडाच्या कॅन्सरला कार-टी का चालत नाही? रक्ताच्या कॅन्सरमध्ये नेम असतो सीडी-१९ या खुणेवर. ती सगळ्या बी पेशींवर, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या रक्तातल्या पेशींवर असते, चांगल्या आणि बिघडलेल्या. सगळ्याच मारल्या तरी माणूस निभावतो. तोंडाच्या गाठीवर जी खूण असते ती कातडीवर, फुप्फुसात, अन्ननलिकेतही थोडीफार असते. पिकासकट जाळणारं तणनाशक कोण मारेल? २०१० साली छापलेला एक अनुभव आहे, आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णाला अशा पेशी दिल्या, त्यांनी फुप्फुसावर धाव घेतली, रुग्ण पाच दिवसांत गेला. शिवाय गाठीच्या आत शिरणंच कठीण. आणि शिरलीच, तर बोंडअळी. बीटीला गुलाबी अळी सरावली ना? तसा कॅन्सरही खूण टाकून देतो आणि उलटतो. रक्ताच्या कॅन्सरमध्येसुद्धा काही रुग्णांत हेच होतं.

पैसा. अमेरिकेत २०१७ ला पहिली कार-टी आली ती पावणेपाच लाख डॉलरला. आपली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार-१९, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात होती. स्वस्त झाली म्हणायचं, पण शेत विकूनही इथल्या किती जणांना जमेल ते तुम्हीच मोजा.

तोंडाच्या कॅन्सरसाठी मात्र दुसरी वाट आहे, ती सांगायची राहू नये. चोर कुत्र्याला भाकर टाकतो, कुत्रं गप्प. कॅन्सर टी पेशीला अशीच भाकर टाकतो. ती अडवणारी इंजेक्शनं आहेत, त्या शोधासाठी ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. त्यातलंच एक निवोलुमॅब, त्याचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, खर्च लाखांत. टाटाच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, पोटात घ्यायच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीला. रुग्ण सगळे असे, की बरं होण्याची वेळ निघून गेलेली. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांवर शंभरात सोळा जिवंत होते, इंजेक्शन जोडलं तिथं त्रेचाळीस. बरे झाले असं मी म्हणत नाही. जिवंत होते. हा अभ्यास कोणत्या औषध कंपनीनं कशाला केला असता? कमी औषध विकायला?

मला अजून सांगायचं होतं ते... आली वाटतं लाईट, मोटरचा आवाज येतोय. जा बाप्पा, पाणी सुटू द्या. दोनच बोटं जाणारे तेवढे थांबा.